शवागाराच्या दाराशी, व्हिएन्ना १८४७

एप्रिल महिना आहे, सकाळची वेळ. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या एका अंगणात तुम्ही उभे आहात. बोटं गारठली आहेत. सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ साली उघडलेलं हे रुग्णालय इतकं पसरलेलं आहे की एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना नवखा माणूस हमखास वाट चुकतो. युरोपभरातून तरुण इथे डॉक्टरी शिकायला येतात. आजच्या दिवसापुरते तुम्हीही त्यांच्यातलेच एक. अंगात काळा कोट, हातात वही आणि समोर शवागाराचं दार. आत थोड्याच वेळात शवविच्छेदन सुरू होईल. तुम्ही अजून एकही पाहिलेलं नाही.

दार उघडंच आहे. बरोबरची मुलं बोलत बोलत आत शिरतात. तुम्ही रेंगाळलात तर कोणी हाक मारणार नाही, मागे फिरलात तर कोणी जाब विचारणार नाही. कोणाची सक्ती नाही, म्हणून निर्णयाचा सगळा भार तुमच्या एकट्यावर आहे.

वास दारापर्यंत आला आहे. गोडसर, कुबट, घशाला चिकटणारा. प्रेत थंड ठेवायची सोय नाही आणि फॉर्मॅलिन वापरात यायला अजून चाळीसहून अधिक वर्षं आहेत. वासामागोमाग पोटात ढवळतं आणि मग घरचे संस्कार जागे होतात. आपल्याकडे माणूस गेला की त्याला पांढऱ्या कापडाने झाकतात, उशाशी दिवा लावतात, क्षणभरही एकटं सोडत नाहीत आणि होईल तितक्या लवकर उचलतात. पोस्टमॉर्टेमची वेळ आली तर घरचे डॉक्टरांपुढे हात जोडतात, चिरफाड नको म्हणतात. इथे आत एक बाई टेबलावर उघडी पडली आहे आणि तिच्या नात्याचं कोणीही जवळ नाही.

ती कोण, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. चार दिवसांपूर्वी ती पहिल्या प्रसूतिविभागात बाळंत झाली, दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पोट फुगलं आणि काल रात्री ती गेली, एवढंच कळतं. या रुग्णालयात बाळंतपण फुकट होतं आणि मूल अनाथालयात ठेवायची सोय होते. त्याच्या बदल्यात बाईने शिकाऊ मंडळींना स्वतःला तपासू द्यायचं, असा रिवाज आहे. मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या, लग्नाआधी दिवस गेलेल्या, दुसरा थारा नसलेल्या बायका इथे येतात. जिवंतपणी त्यांना ही अट मान्य करावी लागते. मेल्यानंतरचं तर कोणी विचारतही नाही.

रुग्णालयात प्रसूतिविभाग दोन आहेत. १८४० सालापासून पहिला डॉक्टरी शिकणाऱ्या तरुणांकडे आहे आणि दुसरा सुईणीचं काम शिकणाऱ्या बायकांकडे. भरतीचा दिवस आलटूनपालटून एकेकाचा. आज पहिल्या विभागाची पाळी आहे असं कळलं की कळा देणाऱ्या बायका गुडघे टेकून विनवण्या करतात, आम्हाला परत जाऊ द्या म्हणतात. त्यांची भीती नोंदवहीतही उतरलेली आहे. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका दगावल्या. शंभरात जवळजवळ दहा. सुईणींच्या विभागात हेच प्रमाण चाराच्या आत. इथे पोहोचण्याआधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकांना मात्र बाळंतपणानंतरचा हा ताप, सूतिकाज्वर, क्वचितच होतो. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली बायका मरतात आणि रस्त्यावर जगतात, याचं उत्तर कोणापाशी नाही.

तुम्हाला ते उत्तर ठाऊक आहे. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. इथे तुम्ही काही सांगू शकत नाही, काही बदलू शकत नाही, फक्त पाहू शकता. आणि पाहावं की नाही हेच तर तुमचं ठरत नाही.

आत जायला एक भक्कम कारण आहे आणि त्याचं नाव कार्ल रोकिटान्स्की. शतकानुशतकं डॉक्टर रोगाकडे बाहेरून पाहत आले. नाडी, जीभ, लघवीचा रंग, रुग्णाची तक्रार यांवरून अंदाज बांधायचा आणि तो चुकला तरी कळायला मार्ग नाही, कारण चूक रुग्णाबरोबर पुरली जायची. १७६१ साली पाडुआच्या मोर्गान्यींनी सुमारे सातशे शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिलं की रोगाला शरीरात एक ठिकाण असतं आणि ते शोधता येतं. रोकिटान्स्की तेच काम इथे रोज, शिस्तीत आणि प्रचंड प्रमाणावर करत आहेत. कारकीर्द संपेपर्यंत त्यांच्या नावावर तीस हजारांवर शवविच्छेदनं जमा होतील. वॉर्डात योसेफ श्कोदा छाती ठोकून आणि नळीने ऐकून निदान करतात; ते बरोबर होतं की चूक, याचा निकाल खाली या खोलीत लागतो. डॉक्टरला त्याची चूक तोंडावर सांगणारी ही जगातली एक दुर्मीळ जागा आहे. ज्याला पुढे माणसांवर उपचार करायचे आहेत त्याने ही जागा टाळणं म्हणजे स्वतःच्या चुकांकडे कायमची पाठ फिरवणं.

तुम्ही पाऊल आत टाकता.

टेबलापाशी इग्नाझ सेमेलवाइस उभे आहेत. वय २८, मूळचे हंगेरीतल्या बुडाचे, पहिल्या प्रसूतिविभागाचे सहायक. विभागात गेलेल्या बायकांचं शवविच्छेदन रोकिटान्स्कींच्या परवानगीने ते स्वतः करतात, प्राध्यापकांची सकाळची फेरी सुरू व्हायच्या आत. हे त्यांच्यावर कोणी लादलेलं नाही. या बायका का मरतात याचा छडा लावल्याशिवाय त्यांना चैन नाही.

चेहऱ्याकडे बघू नकोस, असं शेजारचा मुलगा कानाशी पुटपुटतो. तुम्ही नेमका चेहराच पाहता. विशीतली असेल. ओठ तापाने भेगाळलेले. केस कोणीतरी मागे सारले आहेत. स्तन भरलेले आहेत. दूध आलं होतं.

सुरी गळ्याखालून निघते आणि सरळ खाली जाते. रक्ताची चिळकांडी उडेल म्हणून तुम्ही श्वास रोखलेला असतो, पण तसं काही होत नाही. कातडीखाली चरबीचा पिवळा थर, त्याखाली गडद स्नायू. पोटाची पोकळी उघडते तसं गढूळ पिवळसर पाणी ओसंडतं. त्यात दह्याच्या कवड्यांसारखे पांढरट तुकडे तरंगत आहेत. आतडी फुगलेली आणि एकमेकांना चिकटलेली. सेमेलवाइस ती बोटांनी हळूहळू सुटी करतात. गर्भाशय पुरतं आकसलेलं नाही. ते उघडल्यावर आतला थर काळपट करडा दिसतो आणि वास दुपटीने वाढतो. शिरांमध्ये पू आहे. छाती उघडल्यावर फुप्फुसांभोवतीही तसंच पाणी. एकेक गोष्ट सांगितली जाते आणि एक जण ती लिहून घेतो.

मघाशी पोटात ढवळत होतं ते कधी थांबलं, तुम्हाला कळलंही नाही. नजर आता आपसूक पुढे पुढे जाते आहे. पाणी कुठून आलं, पू कुठवर पोहोचला, आधी काय बिघडलं असेल, असे प्रश्न पडू लागले आहेत. पहिलं शवविच्छेदन पाहणाऱ्या पुष्कळांना असंच होतं. भीतीला काम मिळालं की ती मागे हटते. इथवर आलात हे चांगलं झालं. पण सावध व्हायची वेळही हीच आहे, कारण कुतूहल जागं झालं की टेबलावर बाई आहे याचा विसर पडतो आणि आपल्या हातांकडेही लक्ष राहत नाही.

भोवतालचे हात पाहा. सगळे उघडे आहेत. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे यायला जवळजवळ १८९० उजाडेल. मुलं आळीपाळीने पुढे होतात, पोटात हात घालून गर्भाशय चाचपतात, आतड्यांवरून बोटं फिरवतात. शिकायचं तर स्पर्श हवाच. तुमची पाळी येते. “घाल हात, घाबरतोस कशाला?” असं कोणीतरी म्हणतं. तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहता.

सेमेलवाइस यांच्या मनात सध्या काय घोळतं आहे ते त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. २ मार्चला ते मित्रांबरोबर व्हेनिसला गेले होते, तिथली चित्रं आणि वास्तू पाहून मन ताजंतवानं करायला. २० मार्चला परत येऊन कामावर रुजू झाले तर बातमी कानावर आली, याकोब कोलेच्का गेले. कोलेच्का न्यायवैद्यकाचे प्राध्यापक, सेमेलवाइस यांना फार मान असलेले. शवविच्छेदन शिकवत असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. हात सुजला, ताप चढला आणि १३ मार्चला सगळं संपलं. त्यांचंही शवविच्छेदन झालं. हातातल्या शिरांची आणि लसीकावाहिन्यांची जळजळ, फुप्फुसांभोवती, हृदयाभोवती, पोटात, मेंदूच्या आवरणात दाह. मरणाआधी काही दिवस एका डोळ्यातही तो उतरला होता.

सेमेलवाइस यांनी तो अहवाल वाचला आणि रात्रंदिवस तोच त्यांच्या डोळ्यांपुढे राहिला. शेकडो बाळंतिणींच्या पोटात त्यांनी जे पाहिलं होतं तेच या अहवालात लिहिलेलं होतं. एक पुरुष बाळंतिणीच्या आजाराने मेला होता. कोलेच्कांच्या रक्तात प्रेताचा अंश सुरीच्या टोकावरून गेला. मग बायकांच्या शरीरात तो कशावरून जात असेल?

विच्छेदन संपतं. कोपऱ्यातल्या पाण्यात मुलं हात धुतात, साबण लावतात, कोटाला पुसतात. तुम्ही कशालाही शिवला नाहीत, तरी त्यांच्यामागून हात धुता. शेजारच्या मुलाचा धुतलेला हात तुमच्या नाकाजवळून जातो आणि वास तसाच येतो. साबणाने तो गेलेला नाही. कोणाला त्याचं काही वाटत नाही. शवागारात काम करणाऱ्याच्या हाताला वास असायचाच. मुलं अंगण ओलांडून निघतात, प्रसूतिविभागाकडे. तिथे कळा देणाऱ्या बायका रांगेने निजल्या आहेत आणि आता प्रत्येकीची आतून तपासणी व्हायची आहे. याच हातांनी.

सुईणीचं काम शिकणाऱ्या बायका प्रेतं तपासत नाहीत. दोन विभागांतला फरक एवढाच. तो जुन्या नोंदवह्यांतही सापडला असता. १८२२ सालापर्यंत इथले प्रमुख योहान बोएर होते आणि शिकवण्यासाठी प्रेतं वापरायला त्यांचा ठाम नकार होता. त्या वर्षी ३,०६६ बाळंतपणांत २६ बायका दगावल्या. त्यांच्या जागी योहान क्लाइन आले, प्रेतांवर शिकवणं सुरू झालं आणि १८२३ साली २,८७२ बाळंतपणांत २१४ जणी गेल्या. वर्षामागून वर्षं आकडे डोळ्यांसमोर होते. दोष हवेला दिला, गर्दीला दिला, बायकांच्या भीतीला दिला. मरणाऱ्या बाईसाठी येणाऱ्या धर्मगुरूपुढे घंटा वाजायची, तिच्या धसक्याने बायका मरतात असंही कोणी म्हटलं. सेमेलवाइस यांनी ती घंटा बंद करून पाहिली. काही फरक पडला नाही. हातांकडे पाहायचं कोणाला सुचलं नाही, कारण ते हात डॉक्टरांचे होते.

विभागाच्या दाराशी तुम्ही थांबता. आज सकाळचा दुसरा निर्णय इथे घ्यायचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. आत पाय ठेवायचा नाही, असं तुम्ही ठरवता. बरोबरची मुलं वाईट नाहीत. ती मेहनती आहेत, मन लावून शिकत आहेत. तुमच्या डोळ्यांदेखत जी सर्वांत हुशार, जी सर्वांत जास्त वेळ शवागारात काढतात, त्यांच्याच हातून सर्वांत जास्त हानी होते आहे. स्वतः सेमेलवाइसही त्यातून सुटलेले नाहीत. आपल्यामुळे किती बायका अकाली गेल्या हे देवच जाणे, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली. या एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ बायका मरणार आहेत.

आता काही आठवडे पुढे सरका. मे महिन्याचा मध्य. विभागाच्या दाराशी एक भांडं ठेवलं आहे आणि डोळ्यांत चुरचुरणारा क्लोरीनचा दर्प येतो आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात बुडवून घासायचे, असा सेमेलवाइस यांचा हुकूम आहे. प्रेताचा वास ज्याने जातो त्याने प्रेताचा अंशही जात असणार, एवढा साधा त्यांचा हिशेब. सुरुवातीला क्लोरीनचं पाणी होतं, मग खर्च परवडेना म्हणून क्लोरिनयुक्त चुना आला. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे हाच. मुलं कुरकुरतात, कातडी सोलते, वेळ जातो. पण जूनमध्ये २६८ बाळंतपणांत ६ बायका दगावतात आणि जुलैमध्ये २५० मध्ये ३. पुढच्या वर्षी, १८४८ च्या मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये, पहिल्या विभागात एकही बाळंतीण मरत नाही.

मधे ऑक्टोबरमध्ये आणखी एक धडा मिळतो. पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई होती, जखमेतून स्राव वाहत असलेली. तिला तपासून डॉक्टर साध्या साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले. तिच्याबरोबर बाळंत झालेल्या १२ जणींपैकी ११ गेल्या. अंश फक्त प्रेतातूनच येतो असं नाही, जिवंत माणसाच्या कुजणाऱ्या जखमेतूनही येतो, हे यातून कळलं. तेव्हापासून दर रुग्णामागे हात धुणं आलं. हा अंश म्हणजे जंतू, हे कळायला वेळ लागला. सूतिकाज्वरात आढळणारे साखळीसारखे जंतू पाश्चर यांनी पॅरिसमध्ये १८७९ साली दाखवले.

सेमेलवाइस यांना एवढं आयुष्य मिळालं नाही. १८४९ साली त्यांची मुदत वाढवली गेली नाही. मृत्यू आपण स्वतः वाहून नेला, हे त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना पचलं नाही. १८६१ साली त्यांचा ग्रंथ निघाला, त्यावर टीकाच जास्त झाली. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नातल्या मनोरुग्णालयात, वयाच्या ४७ व्या वर्षी, रक्तात विष भिनून ते गेले. त्यांचं प्रेत याच सार्वजनिक रुग्णालयात आणलं गेलं आणि त्याचं शवविच्छेदन झालं. मृत्यूचं कारण नोंदलं गेलं ते कोलेच्कांच्याच जातीचं होतं.

तुम्ही परत येता ते आजच्या महाराष्ट्रात. इथेही त्या दारासमोर कोणीतरी उभं आहे. न्यायवैद्यकाच्या तासाला पहिल्यांदा पोस्टमॉर्टेम पाहायला निघालेली वैद्यकीय महाविद्यालयातली मुलगी, नव्याने रुजू झालेला पोलीस हवालदार, पॅरामेडिकलचा विद्यार्थी. जाऊ की नको, असं तुम्ही विचारत असाल तर माझं उत्तर आहे, जा. चक्कर आली तर खाली बसा, त्यात लाज नाही. पण एक जाणून आत जा. टेबलावरचं माणूस तुम्हाला जे शिकवतं ते फुकट नाही. ते ऋण आहे आणि त्याची परतफेड पुढच्या जिवंत माणसाकडे करायची असते. १८४७ च्या त्या एप्रिलमध्ये मुलांनी पाहिलं भरपूर, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईपर्यंत त्यातलं ज्ञान पोहोचलं नाही, फक्त विष पोहोचलं. पाहून झाल्यावर आपले हात कुठे जाणार आहेत, हे ज्याला आठवतं त्यानेच खरं शवविच्छेदन पाहिलं.

आणि जे दाराबाहेर, बाकावर बसलेले असतात, त्यांनाही एक विनंती. अपघात, संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेम कायद्यानेच होतं. पण कधीकधी रुग्णालयात डॉक्टर जवळ येऊन सांगतात की आजार नेमका कळला नाही, तुमची संमती असेल तर तपासून पाहू. त्या वेळी ‘चिरफाड नको’ हे शब्द लगेच ओठांवर येतात आणि ते समजण्यासारखं आहे. तरी नाही म्हणण्याआधी थोडं थांबा. काय शोधायचं आहे, किती उघडावं लागेल, देह कधी मिळेल, अहवाल आम्हाला समजावून कोण सांगेल, हे सगळं विचारा. उत्तरं पटली नाहीत तर नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. व्हिएन्नाच्या त्या बाईला कोणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं जातं, म्हणून विचार करून उत्तर द्या.